येणारा संगणक आणि वाट पाहणारे ग्रंथालय

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या मांडवात संगणकाच्या प्रोसेसरचे नाव काढणे काहींना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. ग्रंथ, ग्रंथकार आणि वाचक यांच्याविषयी बोलावे, यंत्राच्या पोटातील चिपेविषयी कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. तथापि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या ज्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे नवा संगणक घेण्याचा विषय आला असेल, तेथे एक वाक्य बहुधा कोणीतरी उच्चारलेच असेल : "थोडे थांबा, याहून वेगवान येतो आहे." असे म्हणणारा सभासद खोटे बोलत नसतो. वेगवान संगणक खरोखरच येत असतो. पण तो आल्यावरही ते वाक्य तितकेच खरे राहते आणि थांबण्याचे कारणही तसेच शिल्लक राहते. म्हणून येणाऱ्या संगणकाकडून मराठी वाचकाने काय अपेक्षावे आणि कोणत्या कामासाठी त्याची वाट मुळीच पाहू नये, याचा विचार ग्रंथालयातच व्हावयास हवा.

प्रोसेसर म्हणजे काय, हे समजण्यासाठी ग्रंथालयाच्या देवघेव विभागातील लिपिकाची आठवण पुरेशी आहे. चिठ्ठी घ्यावयाची, वहीत नोंद पाहावयाची, पुस्तक काढावयाचे, शिक्का मारावयाचा. प्रत्येक काम साधे, पण एकामागून एक बिनचूक करावयाचे. प्रोसेसर अशीच साधी कामे करतो. फरक एवढाच, की त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला कोट्यवधी पडतात. या ठोक्यांची संख्या हा वेगाचा एक भाग, आणि प्रत्येक ठोक्याला किती काम उरकते हा दुसरा. काम करणारे अवयव म्हणजे ट्रान्झिस्टर, विजेचे अतिसूक्ष्म खटके. १९७१ साली इंटेल कंपनीने एका जपानी गणकयंत्रासाठी ४००४ ही चिप तयार केली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ साली 'पेंटियम' बाजारात आला तेव्हा ही संख्या ३१ लाखांवर गेली होती. त्या पेंटियमच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा मानला जातो ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले, ही गोष्ट मराठी मुलखाला कौतुकाची वाटावी.

ही वाढ एका ठरावीक गतीने होईल असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली केले होते. चिपेवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, असे त्यांनी आरंभी म्हटले, आणि १९७५ साली ती मुदत दोन वर्षांची केली. वस्तुतः हा निसर्गाचा नियम नव्हे, एका व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेले व्रत होते. पण ते व्रत इतके निष्ठेने पाळले गेले की सामान्य ग्राहकाला तो सृष्टिनियमच वाटू लागला. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल काँप्युटरचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके देत असे. २००४ साली हाच आकडा ३८० कोटींवर पोहोचला. तेवीस वर्षांत जवळजवळ आठशेपट! "थांबा, वेगवान येतो आहे" या वाक्याचा जन्म या तेवीस वर्षांतला आहे.

येथे कथेला वळण लागते. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, असे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले होते. म्हणून दाटी वाढली तरी चिप तापत नसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा हिशेब बिघडला. खटके इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली आणि उष्णता आवरेना. २००४ साली इंटेलने सेकंदाला ४०० कोटी ठोक्यांचा नियोजित पेंटियम रद्द केला. त्यानंतरच्या वीस वर्षांत, म्हणजे २०२४ पर्यंत, बाजारातील सर्वांत वेगवान घरगुती प्रोसेसरचे घड्याळ ६२० कोटी ठोक्यांपर्यंत आले. आधीच्या तेवीस वर्षांत आठशेपट आणि नंतरच्या वीस वर्षांत दुपटीहूनही कमी, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मग संगणक पुढे कसे गेले? लिपिकाला याहून अधिक धावता येईना, तेव्हा एकाच्या जागी दोन, चार, आठ लिपिक बसविण्यात आले. एका चिपेवर अनेक गाभे आले. ही युक्ती पुण्याला नवी नव्हती. अमेरिकेने अतिप्रगत महासंगणकांच्या विक्रीवर निर्बंध घातल्यामुळे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे नेतृत्व करीत होते. १९९१ साली तेथे 'परम ८०००' सिद्ध झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून द्यावे, हे त्याच्या रचनेचे सूत्र होते. पुढे घराघरांतील संगणकही वेगळ्या कारणाने त्याच वाटेवर आले. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. शंभर वाचक असतील तर चार लिपिक चौपट काम उरकतील, पण एकाच वाचकाची एकच चिठ्ठी चौघांच्या हाती देऊन चौपट लवकर पुस्तक मिळत नाही.

म्हणून अलीकडे भर वेगापेक्षा काटकसरीवर आला आहे. तेवढ्याच विजेत अधिक काम करणे, ही नवी कसोटी. २०२० साली ॲपलने 'एम-१' ही १,६०० कोटी ट्रान्झिस्टरांची चिप आणली. ती बसविलेल्या एका लॅपटॉपमध्ये पंखाच नव्हता, कारण त्याची गरज उरली नव्हती. दुसरा भर विशेष कामाच्या गाभ्यांवर आहे. चित्र ओळखणे, आवाज लिहून घेणे, हस्ताक्षर वाचणे या कामांसाठी 'एनपीयू' नावाचा वेगळा विभाग प्रोसेसरमध्येच बसविला जात आहे. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने नव्या प्रकारच्या संगणकांसाठी अट घातली, की या विभागाने सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया केल्या पाहिजेत. पुढच्या पिढ्यांत हा आकडा वाढतच जाईल अशी चिन्हे आहेत. म्हणजे येणाऱ्या संगणकाचे टंकलेखन फारसे जलद होणार नाही, परंतु त्याची दृष्टी आणि त्याचे कान मात्र तीक्ष्ण होतील.

आता या साऱ्याचा मराठीशी संबंध पाहू. रोमन अक्षरे एकामागून एक ओळीने बसतात. देवनागरीचे तसे नाही. 'निर्मिती' हा शब्द घ्यावा. उच्चारात 'न' आधी आणि ऱ्हस्व इकार नंतर, पण कागदावर वेलांटी 'न'च्या आधी काढावी लागते. 'र' उच्चारला जातो 'म'च्या आधी आणि लिहिला जातो त्याच्या डोक्यावर. संगणक हा शब्द आठ चिन्हांच्या ओळीत उच्चारक्रमाने साठवितो आणि पडद्यावर दाखविताना दरवेळी चिन्हांची जागा बदलून जोडाक्षरे घडवितो. भरीस भर म्हणजे आज सर्वत्र रूढ असलेल्या साठवणपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'निर्मिती'चे चोवीस बाइट होतात. एकंदरीत मराठी मजकूर हा प्रोसेसरवर पहिल्यापासून जड ओझे होता.

१९८०च्या दशकातील प्रोसेसरला हे ओझे पेलणारे नव्हते. म्हणून कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे प्रभृतींनी ज्या तंत्राचा पाया घातला, ते पुढे सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने विकसित झाले. संगणकाच्या आत एक स्वतंत्र कार्ड बसवावयाचे आणि भारतीय लिप्यांचे काम त्या कार्डाने करावयाचे, अशी ही योजना होती. ज्या काळी सर्वसाधारण संगणकाला देवनागरी अक्षरे ठाऊक नव्हती, त्या काळी या कार्डाने पडद्यावर मराठी उमटविली. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, कार्डाचे काम साध्या आज्ञावलीने होऊ लागले आणि कार्ड इतिहासजमा झाले. २००० साली आलेल्या विंडोजच्या आवृत्तीत युनिकोडमधील देवनागरी समाविष्ट झाली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक नामवंत सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला. आज खिशातला फोनही जोडाक्षरे सहज जुळवितो. वाढत्या वेगाचे हे ऋण मराठीने मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण वेगाने जे झाले नाही, तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावयास हवे. युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. मराठीतील 'ॲ' या अक्षराला त्यात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. तोवर 'ॲटलस' लिहावयाचा तर 'अ'वर चंद्र चढवून काम भागवावे लागे. १९८९ सालच्या ४८६ प्रोसेसरमध्ये १२ लाख ट्रान्झिस्टर होते, २००६ सालच्या 'कोअर २ ड्युओ'मध्ये सुमारे २९ कोटी. ट्रान्झिस्टर जवळजवळ दोनशे चाळीसपट झाले, तरी मराठीचे एक अक्षर जागेवाचून उभेच होते. ते मिळण्यासाठी कोणीतरी बसून मागणी लिहावी लागली, ती कोणीतरी तपासून मान्य करावी लागली. त्या कामाला प्रोसेसर नव्हे, माणूस लागतो.

याचा परिणाम आजही तालिकेत दिसू शकतो. नोंदी करणाऱ्या एकाने 'ॲ' हे एकच अक्षर वापरले आणि दुसऱ्याने 'अ'वर चंद्र दिला, तर डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. आज्ञावलीत दोन्ही रूपे एक मानण्याची तजवीज नसेल, तर संगणकाला मात्र ते भिन्न वाटतात. वाचक पुस्तक शोधतो आणि 'नाही' असे उत्तर मिळते, पुस्तक मात्र कपाटात असते. तीच गत जुन्या टंकांत साठविलेल्या मजकुराची. युनिकोडपूर्वी ज्याने त्याने आपापल्या टंकाची खूणगाठ वेगळी ठेवली. तो टंक नसलेल्या संगणकावर ते लेखन उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. छापील कागद शंभर वर्षांनी वाचता येतो आणि वीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेला मजकूर वाचता येत नाही, ही विपरीत अवस्था मंद प्रोसेसरमुळे आलेली नाही. ती अक्षराकडे झालेल्या दुर्लक्षामुळे आली आहे.

इंदूरच्या मराठी माणसाला हा प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे. अहिल्याबाईंचे महेश्वर आणि १८१८ नंतरचे राजधानीचे इंदूर, या दोन्ही ठिकाणांहून होळकरांचा कारभार दीर्घकाळ मराठीत आणि मोडी लिपीत चालला. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि मोडी वाचणारी कारकुनांची परंपरा आटत गेली. याच नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. त्या प्रदीर्घ काळातील नियतकालिके, हस्तलिखिते, नाटकमंडळ्यांची पत्रके, संस्थांची इतिवृत्ते, घराण्यांची पत्रे यांपैकी किती तरी साहित्याची दुसरी प्रत उपलब्ध नसेल. महाराष्ट्रात एखादे पुस्तक एका गावी नसले तर दुसऱ्या गावी मिळू शकते. बृहन्महाराष्ट्रात कागद गेला की बहुधा तो गेलाच.

येणाऱ्या संगणकाची खरी आशा येथेच आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. २०२५ साली आयआयटी रूडकीच्या संशोधकांनी मोडी दस्तऐवजांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी रूपांतर असा संच तयार केला आणि त्यावरून मोडी वाचू पाहणारी यंत्रणा घडविली. आजवर अशा कामासाठी दूरच्या मोठ्या यंत्रांचा आश्रय घ्यावा लागे. नव्या प्रोसेसरमुळे ते पुढेमागे ग्रंथालयाच्या टेबलावरच, आपली कागदपत्रे कोणाच्याही स्वाधीन न करता, होऊ शकेल.

तथापि रूडकीच्या त्या दोन हजार पानांकडे पुन्हा एकदा पाहावे. यंत्र मोडी शिकले ते कोणाकडून? ज्यांनी प्रत्येक ओळ वाचून शेजारी देवनागरी लिहून ठेवली, त्यांच्याकडून. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा त्यांच्या व त्यांच्या साहाय्यकांच्या हाताशी कोणताही प्रोसेसर नव्हता. होता तो मोडीचा सराव आणि चिकाटी. यंत्राचा वेग वाढेल, पण त्याला शिकविणारा वाचक कमी होत गेला, तर ते वेगाने चुका करील. 'आजा मेला' आणि 'आज आमेला' यांतील भेद ज्याला कळतो, असा कोणीतरी शेजारी बसलेला असावाच लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थांबावे की थांबू नये? याचे उत्तर कामाच्या जातीवर अवलंबून आहे. काही कामे अशी असतात, की ती उद्या आजच्यापेक्षा चांगली होतील. पानाच्या प्रतिमेवरून मजकूर ओळखणे हे त्यांतले. आज दहा चुका होत असतील, तर पाच वर्षांनी त्याच प्रतिमेवरून दोन होतील. अशा कामासाठी नव्या प्रोसेसरची वाट पाहण्यात शहाणपण आहे. परंतु ती प्रतिमाच नसेल तर? कागद ठिसूळ होतो, वाळवी लागते, शाई उडते, आणि एखादी शंका विचारावी असा वयोवृद्ध वाचक एके दिवशी उत्तर द्यायला उरत नाही. पानांच्या स्वच्छ प्रतिमा घेणे, ग्रंथांची युनिकोडमध्ये शुद्ध व एकसारखी नोंद करणे, जुन्या टंकांतील मजकुराचे वेळीच रूपांतर करणे, मोडी जाणणाऱ्यांकडून वाचून घेणे, ही कामे उद्या अधिक चांगली होणार नाहीत. काही तर उद्या होणारच नाहीत. यांपैकी कोणत्याही कामाला अत्याधुनिक संगणक लागत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना अस्थानी होणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीला बरेचसे जुने प्रोसेसर चालत नाहीत. त्यामुळे सुस्थितीतील कित्येक संगणक मोडीत काढण्याची वेळ आल्यासारखे वाटते. वस्तुतः लिनक्सवर असे संगणक तालिकेच्या कामाला आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली वापरात आलेली 'कोहा' ही ग्रंथालयप्रणाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध असून तीत युनिकोडमधील मराठी नोंदी करता येतात. जुन्या संगणकांवर तालिका चालवावी, आणि नवा घेताना घड्याळाच्या ठोक्यांपेक्षा स्मृती, साठवण आणि विजेची काटकसर पाहावी. वाचलेल्या पैशातून एक चांगला स्कॅनर आणि मोडीच्या एका वर्गाचे मानधन निघाले, तर तो व्यवहार तोट्याचा ठरणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी गोळा करून पहिले कपाट विकत घेतले, त्यांनाही पुढे याहून सुबक कपाटे निघतील हे ठाऊक असणारच. ते थांबले नाहीत, म्हणून आज शताब्दी साजरी होत आहे. संगणकाचे भाकीत करणाऱ्यांनी आपले काम करावे. त्यांचे प्रोसेसर येतील आणि त्यांचे स्वागतच होईल. ते आले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवण्यासाठी इंदूरच्या मराठीची पाने जतन केलेली असावीत, आणि ते चुकले तर चूक दाखविणारा निदान एक तरी वाचक या वाचनकक्षात बसलेला असावा. तेवढी तजवीज सभासदांनीच करावयाची आहे, आणि तिचा आरंभ उद्या सकाळी ग्रंथालय उघडताच करता येण्यासारखा आहे.